कऱ्हेच्या काठानं, माती बघत

पहिला दिवस : गराड्याच्या डोंगरातून सासवड

कऱ्हा ही काही मोठी नदी नाही. पुरंदर तालुक्याच्या पश्चिमेला गराड्याच्या डोंगरात उगम पावते, सासवड, जेजुरी, मोरगाव, बारामती अशी पूर्वेकडं उतरत जाते आणि सोनगावला नीरेला मिळते. पण एवढ्याशा वाटेत दख्खनच्या कोरडवाहू पट्ट्यातली जवळपास प्रत्येक जातीची माती भेटते. उगमाकडं सह्याद्रीचा चांगला पाऊस, आणि बारामतीकडं जावं तसा तो वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास येऊन थांबतो. माती समजून घ्यायची तर नदीबरोबर खाली उतरत जावं, हे कितीतरी दिवस मनात होतं.

मे महिन्याची अखेर मुद्दाम निवडली. रानं मोकळी असतात, काळ्या जमिनीच्या भेगा पुऱ्या उघडलेल्या असतात, आणि विहिरी, शेततळी, रस्ते यांची खोदाई जोरात असल्यामुळं जमिनीच्या पोटात डोकावता येतं. सोबत मृदाशास्त्र शिकवणारा जुना मित्र होता. गाडीत पहार, टिकाव, माती काढायचं गिरमिट, सामू (पीएच, म्हणजे मातीचा आम्ल-अल्कलीपणा) बघायच्या पट्ट्या, डिस्टिल्ड वॉटर आणि पातळ केलेल्या हायड्रोक्लोरिक आम्लाची छोटी बाटली.

गराड्याच्या वरच्या अंगाला रस्ता रुंद करण्यासाठी डोंगर नुकताच कापलेला होता. ताजी कापणी, त्यामुळं सगळे थर स्वच्छ दिसत होते. वर वीतभर तांबूस माती, तीही खड्यांनी भरलेली. तिच्याखाली पुरुषभर मुरूम. त्याच्याखाली कांद्याचे पापुद्रे सुटावेत तसे सुटत चाललेले गोल धोंडे, आणि तळाला निळसर काळा, पहार मारली तर ठिणगी काढणारा पाषाण. मित्र म्हणाला, "हे तळापासून वर वाच." धोंडा फुटून मुरूम होतो आणि मुरूम झिजून माती होते, ती सगळी वाट या एका कापणीत उघडी पडली होती.

हा पाषाण म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा बसाल्ट. कऱ्हेच्या खोऱ्यातली डोंगरावरची तांबडी माती, उतारावरची तपकिरी आणि सखलातली काळीभोर, सगळी याच एका खडकातून आलेली आहे. मग रंग वेगळे का, गुण वेगळे का? उत्तर पाण्याच्या वाटेत आहे. बसाल्ट झिजताना त्यातून कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम आणि सिलिका पाण्यात विरघळून सुटतात. उतारावर हे पाणी थांबत नाही, सुटलेलं सगळं घेऊन खाली जातं. मागं राहतं ते लोखंड. ते गंजतं आणि मातीला तांबडा रंग देतं. इथं जी चिकणमाती बनते त्यात केओलिनाइट जातीचा भाग जास्त असतो. हे खनिज पाणी पिऊन फुगत नाही. खाली सखलात मात्र वरून वाहून आलेलं कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि सिलिका साचतं, निचरा मंद असतो, आणि तिथं स्मेक्टाइट हे पाणी पिऊन फुगणारं चिकणमातीचं खनिज तयार होतं. त्याच्या एका ग्रॅमचं पृष्ठफळ भरतं ७०० ते ८०० चौरस मीटर, केओलिनाइटचं जेमतेम १० ते २०. पाणी आणि अन्नद्रव्यं धरून ठेवण्याची ताकद या पृष्ठफळावर अवलंबून असते. काळी जमीन श्रीमंत का आणि डोंगरकडेची बरड का, याचा हिशेब या दोन आकड्यांत आहे.

त्याच कापणीत, दोन लाव्ह्यांच्या थरांमध्ये, विटकरी लाल रंगाचा हातभर पट्टा होता. एक लाव्हा थंड झाल्यावर, पुढचा येण्याआधीच्या काळात त्याचा वरचा भाग हवापाण्यानं कुजत राहिला, आणि मग नव्या तापलेल्या थरानं तो झाकला गेला. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची ही माती. तिच्यात ना मूळ शिरलं ना नांगर. मी बराच वेळ त्या पट्ट्यावर हात ठेवून उभा होतो.

थोडं खाली एका आजोबांचं रान होतं. दगडी ताली घालून उतार अडवलेला, पायऱ्यापायऱ्यांनी उतरत गेलेले तुकडे. गिरमिट लावायला परवानगी मागितली तर म्हणाले, "लावा की, पर ते किती खोल जाईल? आमच्याकडं जमीन वरवरची हाय, पाव्हणं." खरंच तालीच्या वरच्या कडेला ते वीतभर जाऊन खडखडलं. पण त्याच तुकड्यात, तालीच्या अगदी मागं, कोपरापर्यंत सहज गेलं. पिढ्यान्‌पिढ्या वाहून येणारी माती त्या दगडांनी अडवली होती. एका तुकड्यात खोली दुपटीहून जास्त बदलत होती आणि ती माणसाच्या हातानं बदललेली होती.

आजोबा तिथं बाजरी आणि हुलगा घेतात. त्यांनी जमिनीचं वर्णन दोन वाक्यांत केलं. "पाऊस उघडला की दुसऱ्या दिशी वापसा. पर आठ दिस ओढ दिली की पीक माना टाकतं." वापसा म्हणजे रान कसायला जोगी ओल. मित्रानं वहीत मांडून दाखवलं. वीस सेंटिमीटर माती, त्यात निम्मे खडे, म्हणजे पिकाला उपयोगी पडेल असं पाणी जेमतेम १५ ते २० मिलिमीटर साठणार. भरात आलेलं पीक दिवसाला ४ ते ५ मिलिमीटर पाणी खर्च करतं. चारपाच दिवसांत साठा संपला, पुढं ते तग धरतं ते मुरमाच्या फटीत उतरलेल्या मुळांवर. आजोबांचे आठ दिवस आणि वहीतला हिशेब यांच्यात जो फरक आहे तो त्या मुरमाचा. कुजलेला मऊ मुरूम थोडं पाणी धरतो, मूळ आत घेतो. म्हणून बरड जमीन बघताना मातीची खोली मोजून थांबू नये, खालचा मुरूम पहारीला मऊ लागतो की कडक हेही बघावं.

संध्याकाळी सासवडला संगमेश्वराच्या पायऱ्यांवर बसलो. कऱ्हेत पाणी नव्हतंच.

दुसरा दिवस : सासवड ते जेजुरी

सासवडच्या भोवतालची जमीन मधल्या जातीची. फार हलकी नाही, फार भारीही नाही. रंग तपकिरी, खोली गुडघ्यापासून कंबरेपर्यंत, आणि खाली निचरा होणारा मुरूम. या पट्ट्याची अंजिरं आणि सीताफळं प्रसिद्ध आहेत. पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मला कुतूहल होतं ते झाडाखालच्या मातीचं.

एका ताईंच्या बागेत आम्ही सकाळभर थांबलो. मीठ्या बहाराची शेवटची फळं झाडावर होती. दोन ओळींच्या मध्ये हातभर खड्डा घेतला. वरची माती ओली करून अंगठा आणि बोटाच्या मध्ये दाबत तिची पट्टी काढली. तीन सेंटिमीटरवर तुटली, म्हणजे चिकणमाती मध्यम, वाळू आणि पोयटाही (वाळूहून बारीक, चिकणमातीहून जाडे कण) बऱ्यापैकी. खालच्या थरात तांदळाएवढे पांढरे खडे होते. त्यांच्यावर आम्लाचा थेंब टाकताच फसफसून बुडबुडे आले. चुनखडी. ताईंचा मुलगा वाकून बघत होता, त्यानं स्वतः चार ठिकाणी थेंब टाकून पाहिले, आणि प्रत्येक ठिकाणी खोलीनुसार फेस वाढत गेला.

कोरड्या हवेची ही खूण आहे. पाऊस कमी, त्यामुळं विरघळलेला चुना नदीपर्यंत पोचत नाही. पाणी जिथपर्यंत उतरतं तिथं थांबतं, मुळं आणि ऊन ते ओढून घेतात, आणि चुना तिथंच खड्यांच्या रूपानं बसतो. सह्याद्रीच्या माथ्यावर, जिथं पाऊस धो धो पडतो, तिथल्या मातीत आम्ल टाकलं तर काहीच होत नाही. मातीत चुना किती खोलीवर सुरू होतो हे बघून त्या जागी पाऊस साधारण किती खोल मुरतो याचा अंदाज बांधता येतो. मला ही खूण फार आवडते, कारण तिला कुठलं यंत्र लागत नाही.

अंजिराला थोडा चुना चालतो, मानवतोही. त्याला अजिबात न चालणारी गोष्ट म्हणजे मुळाशी साचलेलं पाणी. म्हणून अंजीर या मधल्या जमिनीत रमतं. ताईंनी एक प्रश्न विचारला. शेजाऱ्यांनी धरणातला गाळ आणून रानात टाकला होता, आपणही टाकावा का? राज्यात २०१७ पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना आहे आणि कोरड्या तालुक्यांत तिचा लाभ खूप जणांनी घेतला आहे. माझं मत मी स्पष्ट सांगितलं. कालच्या आजोबांच्या वीतभर मातीवर गाळ म्हणजे खरी कमाई आहे, तिथं पाणी धरणारी चिकणमातीच कमी आहे. पण या बागेत गाळाचा जाड थर टाकला तर वरची माती बंद होईल आणि जी गोष्ट अंजिराला इथं आवडते, तो निचरा, तोच जाईल. टाकायचाच तर पातळ, मातीत नीट मिसळून, आणि आधी गाळाचा सामू आणि क्षार तपासून. मित्रानं तलावाच्या कोणत्या भागातला गाळ घ्यावा हेही सांगितलं. पाणी आत येतं त्या तोंडाशी जाडी वाळू बसते, बारीक चिकणमाती भिंतीकडं जाऊन बसते.

दुपारी जेजुरीजवळच्या नाझरे धरणाच्या उघड्या पडलेल्या काठावर गेलो. राखाडी गाळाला पाचसहा कोनी भेगा पडल्या होत्या, पावलाएवढे तुकडे सुटून कडा वर वळल्या होत्या. वरच्या उतारावरची जी माती ताली नसलेल्या रानांतून सुटते, ती शेवटी इथं येऊन बसते. धरणाची साठवण घटते आणि डोंगरकडेची शेती उघडी पडते, दोन्ही नुकसानं एकाच ओढ्यातून.

जेजुरीत मुक्काम. सोमवती अमावस्येला खंडोबाची पालखी कऱ्हेवर स्नानाला जाते ती हीच नदी. दिवस मावळताना दक्षिणेकडून आभाळ भरून आलं, वारा सुटला आणि वळीव कोसळला. गच्चीवर एक सरळ डबा ठेवला. पाऊस थांबल्यावर पट्टीनं मोजलं तर दोन सेंटिमीटर पाणी, म्हणजे वीस मिलिमीटर. मित्र आनंदून म्हणाला, "उद्या तीच माती आपल्याशी वेगळं बोलेल." पाऊस मोरगावच्या बाजूलाही झाल्याचं फोनवरून कळलं.

तिसरा दिवस : मोरगाव

पहाटे निघालो, कारण ओल बघायची तर ऊन चढायच्या आत बघायला हवी. मोरगाव हा जिराईत भाग. माळरान, मध्यम जमीन आणि खोल काळी, तिन्ही इथं काही मैलांच्या आत सापडतात, आणि काल रात्री तिन्हींवर जवळपास सारखाच पाऊस पडला होता.

पहिला खड्डा माळावर. वीतभराच्याही खालपर्यंत सगळं ओलं होतं, पाणी पार मुरमात शिरलेलं. वर चिखल नाही, चप्पल स्वच्छ.

दुसरा खड्डा काळ्या रानात. इथं चार पावलांत चपलेखाली चिखलाचा जाड थर चढला आणि पाय उचलेना. पण खड्ड्यात वेगळंच चित्र होतं. वरची जेमतेम तीन बोटं ओली, त्याखाली कोरडं ठणठणीत, आणि दोन फुटांवर भेगेच्या तळाशी पुन्हा ओल. पावसाचा पहिला भाग भेगांतून थेट खाली गेला होता. मग वरची माती फुगली, भेगांची तोंडं आवळली गेली, आणि उरलेलं पाणी वरच अडलं. उन्हाळ्यात काळ्या रानात हाताच्या मनगटाएवढ्या रुंद भेगा दिसतात, काही कंबरभर खोल. पहिल्या पावसाला त्या पाणी अधाशासारख्या पितात, एकदा मिटल्या की तीच जमीन तासाला काही मिलिमीटरपेक्षा जास्त पाणी आत घेत नाही. मृगात जोराचा पाऊस झाला तर याच सपाट काळ्या रानातून पाणी वाहताना दिसतं, ते त्यामुळं.

आणखी एक गोष्ट त्या सकाळी नीट कळली. वीस मिलिमीटरच्या या पावसानं माळावरचं गवत तीनचार दिवसांत हिरवं होईल. काळ्या रानात मात्र काहीच उगवणार नाही, उगवलं तरी जळेल. चिकणमाती पाणी इतकं घट्ट धरते की थोडं पाणी आलं तर ते सगळं तीच अडवते, मुळाला सोडत नाही. कोरड्या प्रदेशात हलक्या सरींचा फायदा हलक्या जमिनीला मिळतो आणि मोठ्या पावसाचा फायदा भारी जमिनीला. मीटरभर खोल काळी एकदा भरली की दीडशे ते दोनशे मिलिमीटर उपयोगी पाणी पोटात ठेवते. म्हणूनच इथं खरीप सोडून देऊन लोक रब्बीची ज्वारी करतात. सगळा पावसाळा जमीन कुळवून मोकळी ठेवायची, हस्ताच्या पावसानं ती भरली की मालदांडी पेरायची, आणि मग पुढं एक थेंब नाही पडला तरी साठलेल्या ओलीवर ज्वारी कणसाला येते. हे तंत्र कुण्या प्रयोगशाळेतून आलेलं नाही, ते या मातीला पिढ्यान्‌पिढ्या पाहून आलेलं आहे.

शेजारच्या वस्तीवर शेततळ्यासाठी खोदाई चालू होती. मालकाला विचारून आत उतरलो. तीन मीटर खोल काळ्या मातीची सरळ भिंत, इतकी सुंदर कापणी क्वचित मिळते. मीटरभर खोलीच्या पुढं तिरके, घासून चकचकीत झालेले पृष्ठभाग दिसले, हातभर लांब, एकमेकांना छेदणारे. जमीन फुगते तेव्हा आतल्या मातीला जागा मिळत नाही, मग तिचे ढीग एकमेकांवर घासत तिरपे सरकतात. ही चकाकी त्या घासण्याची. वरची भुसभुशीत माती भेगांत पडते, खालची वर ढकलली जाते, असं हे रान स्वतःलाच हळूहळू उलथत राहतं. काळ्या जमिनीवर कुंपणाचे खांब कलतात, पक्क्या भिंतींना तडे जातात ते याच जोरानं. जुनी गावठाणं काळ्या रानात का नाहीत, उंचवट्यावर, मुरमावर का आहेत, तेही इथं उभं राहिलं की समजतं.

मालक विचारत होते, "एवढी काळी म्हंजी खत भरपूर असंल ना हिच्यात?" हा समज सगळीकडं आहे. काळेपणा पाहून सेंद्रिय पदार्थ खूप असतील असं वाटतं, पण या उष्ण कोरड्या हवेत तो टिकत नाही. सेंद्रिय कर्ब बहुतेक रानांत अर्ध्या टक्क्याच्या आसपासच भरतो. जो थोडा असतो तो स्मेक्टाइटला घट्ट चिकटून बसतो आणि सगळ्या मातीला गडद रंग देतो. त्यामुळं काळीला शेणखताची गरज नाही असं समजणं तिच्यावर अन्याय आहे. मी त्यांना हे तळमळीनं सांगितलं, कारण पाचट आणि काड जाळायची सवय याच समजुतीवर पोसली जाते.

दुपारनंतर नदीच्या घळीत. मोरगावपाशी कऱ्हेनं आपलाच जुना गाळ कापून उंच दरडी केल्या आहेत. तळाला चुन्यानं जखडून दगडाएवढा कडक झालेला गोट्यांचा थर, वर पिवळट तपकिरी पोयटा, त्यात चुनखडीचे खडे. मित्रानं मला एका फिकट, राखाडी पांढऱ्या थरापाशी नेलं. चिमूटभर घेऊन बोटांत चोळला. वजनाला हलका, मऊ, पण दाताखाली किंचित करकरणारा. ही ज्वालामुखीची राख आहे. दख्खनच्या ज्वालामुखींची नव्हे, ते तर कोट्यवधी वर्षांपूर्वीच शांत झाले. ही आली सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीतून, समुद्र ओलांडून, वाऱ्यावर. डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी इथल्या थरांवर बरंच काम केलं आहे. याच गाळात आदिमानवाची दगडी हत्यारं, हातकुऱ्हाडी मिळाल्या आहेत. राख नेमकी टोबाच्या कुठल्या उद्रेकाची, सुमारे ७४,००० वर्षांपूर्वीच्या सर्वांत मोठ्या की त्याच्याही लाखो वर्षं आधीच्या, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. हत्यारांचं वय त्या उत्तरावर अवलंबून आहे, म्हणून हा वाद इतका महत्त्वाचा.

मला त्या दरडीत दुसरीही गोष्ट दिसत होती. हा पोयटा पाण्यात सहज सुटतो. काठाकडून शेतात शिरणाऱ्या ओघळी वरच्या रानाच्या बांधापर्यंत पोचल्या होत्या, एका ठिकाणी बाभळीची मुळं हवेत लोंबत होती. नदीकाठची ही मळईची जमीन खोऱ्यातली सर्वांत समतोल जमीन. खोल, कसायला हलकी, पाणी धरणारी आणि सोडणारीही. आणि हीच सर्वांत सहज तुटते. काठाची झाडी तोडून कडेपर्यंत नांगरट केलेली होती. दोन वाव रुंदीचा पट्टा गवताला सोडला असता तरी ओघळ तिथंच थांबली असती.

संध्याकाळी सुप्याकडं जाऊन आलो. तिथलं मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं, चिंकाऱ्यांसाठी १९९७ मध्ये राखलेलं. वीतभर मुरमाड माती, कुसळी गवत, हिवर, खैर. शेतीच्या कागदावर ही जमीन पड म्हणून लिहिली जाते. पण उथळ मातीवर याहून योग्य असं काही उभं करता येईल असं मला वाटत नाही. दोन चिंकारा लांबवर दिसले आणि उतारापलीकडं गेले.

चौथा दिवस : बारामती ते सोनगाव

बारामतीत शिरताना रस्त्याच्या दोन बाजूंना दोन जग दिसतात. एकीकडं जिराईत, दुसरीकडं ऊस. मधली रेघ पाण्याची आहे. १८७६–७८ च्या दुष्काळानंतर नीरा डावा कालवा खोदला गेला आणि १८८५ मध्ये सुरू झाला. त्यानं या कोरड्या खोऱ्याच्या खालच्या भागाचं नशीब बदललं. माळेगावला २००९ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था आहे. उघड्या मुरमाड माळावर बाग कशी उभी करायची, दुष्काळ आणि खराब माती यांत पीक कसं टिकवायचं, हेच तिचं काम.

सोनगावच्या अलीकडं एका मामांचं रान बघायला बोलावणं होतं. खोल काळी जमीन, तीन पिढ्यांचा ऊस. रानाच्या वरच्या अर्ध्यात ऊस पुरुषभर वाढलेला, खालच्या सखल अर्ध्यात गुडघ्याएवढा, पिवळा, मधे मोकळी टकलं. कडेनं वेडी बाभूळ. मामा म्हणाले, "आज्याच्या येळेला ह्येच रान गावात एक नंबर हुतं. पाणी आलं, आन्‌ मग पाणीच नडलं."

मित्रानं तीन पेले मांडले आणि डिस्टिल्ड वॉटर ओतलं. एकात सासवडच्या बागेतलं ढेकूळ, दुसऱ्यात मोरगावच्या काळ्या रानातलं, तिसऱ्यात मामांच्या खालच्या रानातलं. पहिलं विस्कटून बारीक कणांत खाली बसलं, पाणी नितळ. दुसरं फुगलं, फुटलं, पाणी किंचित गढूळ होऊन निवळलं. तिसऱ्याभोवती दुधाळ धूर पसरत गेला, थोड्याच वेळात सगळा पेला गढूळ झाला, आणि आम्ही जेवून परत आलो तरी तो तसाच होता.

चोपण जमिनीची ही सर्वांत सोपी परीक्षा. चिकणमातीच्या कणांवर कॅल्शियम असलं की ते एकमेकांना धरून राहतात, माती कणीदार राहते. सोडियम बसलं की ओल लागताच कण सुटे होतात, छिद्रांत जाऊन अडकतात, आणि जमीन पाण्याला बंद होते. पट्टीवर सामू नऊच्या जवळ आला. खारवट आणि चोपण हे दोन रोग लोक एकच समजतात, पण इलाज वेगळा आहे. खारवट जमिनीवर पांढरं मीठ फुलतं, माती मात्र मोकळी असते, निचरा करून गोड्या पाण्यानं क्षार धुता येतात. चोपण ओली असताना साबणागत निसरडी, वाळली की दगड. तिला नुसतं पाणी दिलं तर ती आणखी बिघडते. पुस्तकात चोपण धरतात ती चिकटलेल्या सोडियमचं प्रमाण पंधरा टक्क्यांवर गेल्यावर, पण स्मेक्टाइटच्या काळ्या जमिनींत दुखणं त्याच्या पुष्कळ आधी सुरू होतं.

या बिघाडाचं बीज मातीत आधीपासून असतं, हे मला मामांना सांगावंसं वाटलं, कारण ते स्वतःला दोष देत होते. कोरड्या हवेत चुना खड्यांच्या रूपानं बसत जातो, तसं मातीतल्या पाण्यात कॅल्शियम कमी होतं आणि सोडियमचा वाटा वाढतो. पाऊस आणि कोरडवाहू पीक होतं तोवर हे खाली खोलवर दडून होतं. कालव्यानं आणि बारमाही उसानं भूजल वर आणलं, आणि त्याच्याबरोबर खालचं मीठ मुळांपर्यंत आलं. सखल अर्ध्यात आधी आलं, कारण वरच्या रानांतलं झिरपणारं पाणी तिकडंच येतं.

गिरमिटानं खालच्या रानात भोक घेतलं. चार फुटांवर पाणी लागलं, तेही मे अखेरीस. मित्रानं बाटलीत नमुना घेतला. मामांनी गेल्या वर्षी जिप्सम टाकलं होतं, उपयोग झाला नव्हता. मित्रानं कारण समजावलं. जिप्सममधलं कॅल्शियम सोडियमला कणांवरून हटवतं, पण हटलेलं सोडियम वाहून जायला वाटच नसेल तर ते तिथंच फिरत राहतं. आधी निचरा. छिद्रांचे पाइप तीन ते चार फूट खोल, सखलातल्या ओढ्यापर्यंत उतार देऊन. मग जिप्सम, मग पावसाळ्याच्या पाण्यानं धुऊन ताग किंवा धैंचा हिरवळीचं खत म्हणून गाडायचा, आणि निदान दोन वर्षं ऊस नाही.

"ऊस न्हाई म्हंजी?" मामींनी विचारलं. त्या मघापासून ओट्यावर बसून ऐकत होत्या.

"गहू घ्या, चारापिकं घ्या. ज्याला पाणी मोजून लागतं ते," मित्र म्हणाला.

अडचण पाइपांच्या खर्चाइतकीच वाटेची होती. ओढा मामांच्या रानापासून तीन रानं पलीकडं. पाइप त्या तिन्ही रानांतून न्यायचा, म्हणजे तिन्ही शेजाऱ्यांचा होकार हवा. त्यातल्या दोघांच्या खालच्या कोपऱ्यांतही पांढरं फुटायला लागलं होतं, ते लगेच तयार झाले. तिसऱ्यांचं रान ओढ्याच्या उतारावर, चांगल्या निचऱ्याचं. त्यांना त्रास नव्हता, म्हणून घाईही नव्हती.

उन्हं कलल्यावर सोनगावच्या संगमावर गेलो. नीरेत कालव्याचं सोडलेलं पाणी होतं, कऱ्हेत वाळू आणि मधेमधे डबकी. परत येताना मामांनी तिसऱ्या शेजाऱ्यांच्या वस्तीवर गाडी थांबवायला लावली. त्यांच्याही बांधाच्या खालच्या टोकाला मित्रानं गिरमिट लावलं. पाणी सहा फुटांवर होतं. त्यांनी गिरमिटाच्या टोकाला लागलेली ओली माती बोटांनी काढून घेतली, वास घेतला, आणि विचारलं की पाइपाचं तोंड त्यांच्या रानात नेमकं कुठून न्यावं लागेल. आम्ही टॉर्चच्या उजेडात बांधाच्या कडेनं पावलं टाकत ती रेघ मोजायला सुरुवात केली.